क्यू कोणाच्या हातची?

पुण्यात स्नूकरच्या क्यू दुरुस्त करणं आणि विकणं हा माझा व्यवसाय. टिप बदलायची, सैल झालेलं फेरूल घट्ट बसवायचं, पावसाळ्यात बाक आलेल्या शाफ्टचं काही करता येतंय का ते बघायचं. पार्लरमधल्या सगळ्यांनी वापरायच्या क्यू सोडून स्वतःची पहिली क्यू घ्यायला एखादा मुलगा आला, की त्याच्या हाताला आणि खेळाला जुळेल अशी निवडून द्यायची. या कामात एक प्रश्न सतत समोर येतो: ही नक्की कुठे बनली? या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हा माझ्या धंद्याचा पाया आहे, असं मी मानतो. असं मानण्यामागची कारणं अनुभवातून जशी उमगत गेली, तशीच इथे मांडतो.

१. ‘हॅण्डमेड’ म्हटलं की कोणतं काम हाताचं, ते विचारावं

क्यू म्हणजे साधारण 57-58 इंचांची, टोकाला जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीची निमुळती काठी. दिसायला साधी, पण तिच्यामागे कामांची मोठी मालिका असते. सरळ रेषांचं लाकूड निवडून त्याच्या पट्ट्या काढायच्या. त्या मुरू द्यायच्या, कारण ओलं लाकूड नंतर वाकतं. मागच्या जाड भागात, म्हणजे बटात, काळं किंवा तांबूस जड लाकूड सांधायचं. मग लेथवर किंवा रंध्यानं गोलाई आणि उतार आणायचा. मध्ये पितळी जॉइंट, पुढे पितळी फेरूल, त्यावर चामड्याची टिप. लाकडाच्या रेषांमध्ये गडद भरण घालून पॉलिश पेपरनं घासायचं, जवसाचं तेल मुरवायचं आणि सगळ्यात शेवटी बटावर नावाचा बॅज बसवायचा.

यातलं प्रत्येक काम वेगळ्या गावात, अगदी वेगळ्या देशातही होऊ शकतं. ज्या माणसानं फक्त तेल लावलं आणि बॅज चिकटवला, तोही ‘हाताने बनवलेली क्यू’ म्हणून ती विकतो, आणि ते शब्दशः खोटं नसतं. कोणाच्या तरी हातांनी ती बनलेलीच असते. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो, की स्प्लाइस, म्हणजे बटातला लाकडांचा सांधा, कोणी केला, गोलाई कोणी दिली, जॉइंट कोणी बसवला, हे वेगवेगळं विचारा. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला सांगायला संकोच नाही, तो तीन वाक्यांत सगळं सांगून मोकळा होतो.

२. लाकडाचा देश वेगळा, कामाचा देश वेगळा

स्नूकरच्या बहुतेक चांगल्या शाफ्ट ॲश किंवा मेपलच्या असतात. क्यूसाठी पसंत केलं जाणारं बरंचसं ॲश उत्तर अमेरिकेतून येतं. बटातलं एबनी आफ्रिकेतल्या कॅमेरून-गॅबॉनकडचं असतं, नाहीतर इंडोनेशियातलं पट्ट्यापट्ट्यांचं मॅकॅसर एबनी. तांबूस लाकूड पुष्कळदा आपली शिसवी असते. बरीच मंडळी वापरतात ती एल्क मास्टर टिप शिकागोच्या ट्वीटन कंपनीची. लंडनमध्ये बसून केलेली क्यूसुद्धा अशी तीन-चार देश फिरून आलेली असते. बँकॉकमधल्या क्यूचंही तेच, आणि उद्या कोणी पुण्यात केली तरी तेच होईल, कारण क्यूला लागणारं ॲश या उष्ण मुलखात होत नाही.

यात कमीपणाचं काही नाही. चांगल्या सामन्यांत दिसणारे अरामिथ चेंडू बेल्जियममध्ये बनतात, उत्तम टेबलांखालची स्लेट इटलीतून येते, आणि हे सगळे उघडपणे सांगतात. क्यूच्या बाबतीत मात्र ‘अमेरिकन ॲश’ हे शब्द मोठ्या अक्षरांत येतात आणि त्या ॲशला रंधा कुठे लागला याबद्दल शांतता असते. गिऱ्हाईक लाकडाचा देश वाचतं आणि तोच कामाचा देश समजतं.

एक विसंगती मला फार बोचते. जानेवारी 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जातभाईंना वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण लागू झालं. त्या लाकडाच्या फळ्या सीमा ओलांडताना कागद लागतात: कुठलं झाड, कोणत्या देशातलं. लाकडाचा ठावठिकाणा विचारणारी व्यवस्था जगानं उभी केली. ती फळी ज्यानं रात्री जागून सांधली, त्याचा ठावठिकाणा विचारायला कोणी नाही.

३. क्यूकडे पाहून पद्धत कळते, देश कळत नाही

बटावर पुढे सरसावलेली काळी टोकं नीट पाहा. यंत्रावर केलेल्या स्प्लाइसमध्ये दोन्ही लाकडांना इंग्रजी व्हीसारख्या खाचा कापून एकमेकींत बसवतात. तिथली टोकं अणकुचीदार आणि सरळ कडांची येतात. हाताच्या स्प्लाइसमध्ये शाफ्टच्या मागच्या भागाला चारी बाजूंनी उतार देतात, त्या उतारांवर एबनीचे तुकडे समोरासमोरच्या जोड्यांनी सरस लावून आवळतात आणि मग सगळं रंध्यानं उतरवत गोल करतात. सपाट सांधा गोल काठीला छेदतो, त्यामुळे ही टोकं कमानीसारखी गोलसर दिसतात. चारही टोकं एका उंचीवर आणणं ही रंधा धरणाऱ्याची परीक्षा असते. ॲशवरचे बाणही असेच पाहावेत. लाकडाच्या रेषा उतारात कापल्या गेल्या की शाफ्टवर बाणांची रांग उमटते. ती मधोमध सरळ चालली असेल, तर लाकूड विचारपूर्वक कापलं आहे.

इतकं डोळ्यांना दिसतं. पण हीच पद्धत इंग्लंडमध्ये, थायलंडमध्ये, चीनमध्ये आणि पाकिस्तानातही वापरतात, आणि चारही ठिकाणी ती उत्तम जाणणारे लोक आहेत. चांगली कमान इंग्लिश आहे की थाई, हे क्यू सांगत नाही. स्वतःला जाणकार म्हणवणारी मंडळी ‘बघूनच कळतं, अस्सल इंग्लिश आहे’ असं म्हणतात, तेव्हा त्यांनी बहुधा बॅज वाचलेला असतो. मूळ ठिकाण कळायला विकणाऱ्याचा शब्द हा जवळपास एकच मार्ग उरतो. म्हणून तर त्या शब्दाला इतकी किंमत आहे.

४. बॅज सगळ्यात शेवटी लागतो

अर्धवट तयार क्यू, म्हणजे स्प्लाइस झालेला आणि गोलाई जवळपास आलेला नग, घाऊक भावानं विकत मिळतो. त्यावर शेवटचा हात फिरवून, वजन आणि टोक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे करून आपल्या नावानं विकणं हा या धंद्याचा जुना प्रघात आहे. शेवटच्या हातालाही कसब लागतं. पाव मिलिमीटर जास्त घासलं की शाफ्टचा ताठपणा जातो. प्रघात वाईट नाही, त्याबद्दलची चुप्पी वाईट.

एक कॉलेजातला मुलगा वडिलांसोबत क्यू घेऊन आला होता. उन्हात गाडीत राहून सरस सुटला आणि बॅज निघाला, तो बसवून हवा होता. बॅजवर भारदस्त इंग्लिश नाव. घेताना त्यांना ‘इंग्लंडमध्ये हातानं बनवलेली’ असं सांगितलं गेलं होतं आणि भावही तसाच लावला होता. बॅजखालच्या खाचेत पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं, थाई लिपीत. वडिलांचा चेहरा उतरला. “म्हणजे फसवणूकच झाली की, दादा,” ते म्हणाले.

मी क्यू टेबलावर गरगर फिरवून पाहिली. सरळ होती. कमानी समान, सांधा कुठेही उघडलेला नाही, तोल उत्तम. मी तसंच सांगितलं: क्यूमध्ये काही खोट नाही, खोट तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीत आहे. पैसे परत मागायचे तर तुमचा हक्क आहे. खेळायला मात्र ही फार चांगली आहे. तेव्हा तो मुलगा म्हणाला, “काका, मग ही खरं तर बनवली कोणी?”

वडिलांना गेलेले पैसे दिसत होते, आणि ते योग्यच होतं. पण मुलाच्या प्रश्नात या विषयाचं दुसरं अंग होतं. ज्यानं चार कमानी एका रेषेत आणल्या, त्या माणसाचं नाव-गाव एका पितळी चकतीखाली दडवलं होतं. त्या दिवसापासून मी या खोटेपणाचा विचार फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूनं करत नाही.

५. गाव लपवलं की कारागिराची पत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते

थायलंडला हे कसब आकाशातून पडून मिळालेलं नाही. जेम्स वत्तना 1990 च्या दशकात जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत चढला, बँकॉकमध्ये थायलंड ओपन जिंकला, आणि त्या देशात स्नूकरची लाट आली. खेळाडू आले की क्यू लागतात, क्यू लागल्या की त्या करणारे हात तयार होतात. 2022 मध्ये नुटचरुत वोंगहरुथाई महिलांची विश्वविजेती झाली, ती याच मातीतली. आज थाई कारागीर आपल्या नावानं क्यू करतात आणि जगभरचे खेळाडू त्या मागवतात.

पण एखादी चांगली थाई क्यू इंग्लिश म्हणून विकली गेली, की तिच्यावर खूश झालेला खेळाडू इंग्लंडची तारीफ करतो. पुढे एखादी सुमार थाई क्यू त्याच्या हाती येते आणि तो म्हणतो, ‘थाई माल असाच.’ चांगल्या कामाचं श्रेय एकीकडे, वाईट कामाचा दोष दुसरीकडे. हा हिशेब वर्षानुवर्षं चालला तर एखाद्या गावाचं नाव कधीच वर येणार नाही.

याच्या उलट काय घडतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. जर्मनीतला माल ब्रिटिश वाटेल अशा खुणा करून खपवला जातो, शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांचं नाव वापरलं जातं, अशी ब्रिटनची तक्रार होती. 1887 मध्ये तिथे कायदा झाला, की परदेशी मालावरच्या खुणांमुळे तो ब्रिटिश वाटत असेल, तर त्यावर मूळ देश लिहिला पाहिजे. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द लोकांनी माल टाळावा म्हणून आले. लोकांनी माल वापरला, तो टिकला, आणि काही दशकांत तेच शब्द दर्जाची हमी बनले. गावाचं नाव लिहिलेलं होतं म्हणूनच ते कमावता आलं.

६. कारखान्याऐवजी इतिहास सांगितला जातोय का, ते पाहावं

उघड खोटं बोलणारे थोडे. जास्त लोक सत्याला वळसा घालतात. ‘ब्रिटिश परंपरेतली’, ‘इंग्लंडमध्ये डिझाइन केलेली’, ‘लंडनमध्ये तपासलेली’, ‘शतकभराचा वारसा’. प्रत्येक वाक्य खरं असू शकतं आणि एकातही क्यू कुठे बनली ते नसतं. जुन्या कंपन्यांची नावं विकली जातात, विकत घेतली जातात. नावाच्या वयावरून नावाचं वय कळतं. आज हातात असलेली काठी कुठल्या बाकावर घडली, ते त्यावरून कळत नाही.

कायद्यानं या वळशांना काही ठिकाणी बांध घातला आहे. अमेरिकेत नुसतं ‘मेड इन यूएसए’ म्हणायचं तर वस्तू संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण तिथेच बनलेली असावी लागते. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीत मूळ देश सांगणं विक्रेत्याला बंधनकारक केलं. ग्राहकानं ती ओळ वाचायची सवय लावून घ्यावी. पण रोख पैसे मोजून, तोंडी शब्दावर होणारे व्यवहार या धंद्यात खूप आहेत, आणि तिथे कायद्याआधी माणसाची नियत येते.

७. किमतीचं कारण सांगता आलं पाहिजे

लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात जॉन पॅरिस यांच्या कार्यशाळेत क्यू बनते. ती महाग असते आणि असणारच. तिथली मजुरी, जागेचं भाडं, एका माणसानं एका क्यूला दिलेला वेळ आणि अनेक वर्षं कमावलेलं नाव, हे सगळं तिच्यात आहे. ज्याला ते हवं आहे त्यानं आनंदानं पैसे मोजावेत. बँकॉकच्या क्यूची किंमत कमी असते, कारण तिथला खर्च कमी. तिलाही तिची रास्त किंमत आहे. गडबड होते ती थाई मजुरीवर लंडनचा भाव लावला जातो तेव्हा. मधला फरक रंधा धरणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आणि खेळापुरतं बोलायचं तर देशाचा आणि पॉटिंगचा संबंध फार थोडा. स्टीफन हेंड्रीनं 1990 ते 1999 या काळात सात विश्वविजेतेपदं मिळवली, ती लहानपणी घेतलेल्या एका स्वस्तातल्या क्यूनं. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली. महागडी क्यू घेण्यासाठी आई-वडिलांकडे हट्ट करणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. क्यू सरळ असावी, लाकूड मुरलेलं असावं आणि तुमचा हात तिला सरावलेला असावा.

८. ‘इम्पोर्टेड’ या शब्दाची भूल आपल्यालाही आहे

बोट फक्त परदेशाकडे दाखवून चालणार नाही. भारतात बनलेली क्यू ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकली गेलेली मी पाहिली आहे. ‘आपल्या इथली’ म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून विकणारा बाहेरचा देश चिकटवतो. क्रिकेटच्या बॅटबाबत आपण यातून बरेच बाहेर आलो आहोत. इंग्लंडच्या एसेक्स भागातला विलो मीरत आणि जालंधरला येतो, तिथे त्याची बॅट घडते आणि जगातले मोठे फलंदाज ती वापरतात. ‘इंग्लिश विलो’ हे लाकडाचं वर्णन आणि मीरत हे कारागिरीचं ठिकाण, दोन्ही एकत्र सांगायला कोणाला लाज वाटत नाही. क्यूच्या बाबतीतही तेवढीच मोकळीक हवी.

खुद्द स्नूकरच्या जन्माचंच बघा. हा खेळ इंग्लंडमधल्या वूलिच इथल्या लष्करी अकादमीत सुरू झाला, असं पुष्कळ लोक मानत होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं (हा त्याच नावाच्या ब्रिटिश पंतप्रधानांहून वेगळा) 1938 मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून स्पष्ट केलं, की हा खेळ आपण तरुणपणी 1875 मध्ये जबलपूरला सुरू केला आणि पुढे उटकमंडच्या क्लबात तो रुळला. एका वृद्ध माणसानं त्रेसष्ट वर्षांनंतर हे पत्र लिहिलं नसतं, तर जबलपूरचं नाव पुसलं गेलं असतं. ज्या खेळाचं जन्मगाव असं सांगून वाचवावं लागलं, त्या खेळातल्या माणसांनी तरी क्यूचं गाव लपवू नये.

९. खरं लिहून द्यावं

तोंडी सांगितलेलं विसरतं, बदलतं. म्हणून मी क्यू विकताना बिलावरच लिहून देतो: लाकूड अमेरिकन ॲश, बट एबनी, स्प्लाइस आणि गोलाई बँकॉक, टिप, वजन आणि शेवटचं तेल पुणे. जे मला ठाऊक नाही, तिथे ‘माहिती नाही’ असं लिहितो. तेवढ्यावरून काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. पण जी राहिली, ती मुलांना, भावांना, क्लबातल्या मित्रांना घेऊन आली. जुनी क्यू विकायला निघाली की पुढचा माणूसही तेच बिल बघतो. लिहिलेल्या खरेपणाला पुनर्विक्रीतही भाव मिळतो.

घेणाऱ्यानं विचारायचे प्रश्नही थोडेच आहेत. स्प्लाइस कुठे आणि कोणी केला? हाताचा की यंत्राचा? तुम्ही स्वतः यात काय केलं? आणि हे बिलावर लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना जो घुटमळतो, त्याच्या आधीच्या तीन उत्तरांचा पुन्हा विचार करावा.

१०. खरं ऐकायची तयारी घेणाऱ्याचीही हवी

सगळा भार विकणाऱ्यावर टाकणं न्यायाचं नाही. ‘थायलंडची आहे’ असं सांगितल्यावर ज्याचा चेहरा पडतो, ‘इथेच केली’ म्हटल्यावर जो निम्म्यानं भाव पाडतो, तो विकणाऱ्याला खोटं बोलायला शिकवत असतो. क्यू हातात घ्या, टेबलावर फिरवा, वाकून दोन शॉट मारा आणि मग ठरवा. गावाचं नाव ऐकून आधी ठरवू नका.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एक-दोघांचा रंध्यावर फार चांगला हात बसला आहे. बिलियर्ड्सचे विश्वविजेते विल्सन जोन्स 1922 मध्ये आणि पंकज अडवाणी 1985 मध्ये ज्या शहरात जन्मले, त्याच शहरात ही मुलं उद्या पहिला स्प्लाइस करतील. त्यांच्या क्यूवर मला ‘पुणे’ असंच लिहिलेलं हवं आहे. ती चांगली निघाली तर पुण्याचं नाव होईल. वाईट निघाली तर लोक पुण्यालाच बोल लावतील आणि मुलं पुढची अधिक नेटानं करतील. मात्र ती विकली जायची तर ‘पुणे’ वाचूनही क्यू हातात घेऊन पाहणारे लोक लागतील. असे लोक वाढावेत म्हणून मी बँकॉकच्या क्यूला आज बँकॉकची म्हणतो.